यादीत नसलेली खरेदी

गणपती उठले की आपल्या घरांत दिवाळीच्या खरेदीची यादी सुरू होते. कुणाला नारायणपेठी हवी, कुणाला इरकली; मुलांचे कपडे, जावईबापूंचा सदरा, झालेच तर पोलक्याचे अस्तरसुद्धा त्या यादीत असते. नसते ते एकच वस्त्र, आणि पोलके अंगावर नीट बसणे न बसणे तर त्याच्यावरच अवलंबून! ते आपण घाईघाईने, निम्म्या आवाजात मागतो, कागदात गुंडाळून घेतो आणि पिशवीच्या तळाशी दडवतो.

भगिनींनो, विषय ब्रेसियरचा आहे. दचकू नका. ज्यांचा बांधा भरदार आहे त्यांच्या दृष्टीने हे वस्त्र मापात मिळणे ही चैन नव्हे. मान, खांदे आणि पाठ यांच्या स्वास्थ्याशी त्याचा संबंध आहे. मी स्वतः त्यांच्यापैकीच एक, म्हणून अनुभवाने बोलते.

आमच्या आजीची पिढी या बाबतीत सुखी म्हणायची. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी अंगाबेताची शिवलेली असे, आणि पुढे छातीखाली तिची गाठ मारायची. अंग भरले किंवा उतरले तर गाठ सैल-घट्ट करता येई. भार खालून, अंगाभोवतीच्या कापडावर पेलायचा, हे त्या चोळीचे शास्त्र.

विलायती ब्रेसियरची गोष्ट निराळी. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून एक सुटसुटीत वस्त्र बनवले आणि १९१४ साली त्याचे पेटंट मिळवले. पण भार पेलणे हा काही त्याचा हेतू नव्हता. पुढे १९३२ च्या सुमारास एस. एच. कॅम्प या अमेरिकन कंपनीने ए, बी, सी, डी ही अक्षरे लावली. आज डब्यावर जे '३६ सी' वगैरे लिहिलेले असते, त्यातले अक्षर तिथून आले.

या आकड्याचा आणि अक्षराचा अर्थ कितीजणींना ठाऊक असतो? आकडा छातीखालच्या पट्ट्याचा. अक्षर वाटीचे, म्हणजे कपचे. पण ते अक्षर एकटे काहीच सांगत नाही. ३२ डीची वाटी ४० डीच्या वाटीपेक्षा पुष्कळच लहान असते. 'मी डी म्हणजे फारच मोठी' हा समज म्हणूनच मनातून काढून टाकावा.

आता माझ्या भाचीची हकिकत सांगते. पोरगी सातवीपासून खो-खो खेळे. अकरावीत तिने एकाएकी मैदान सोडले. विचारले तर अभ्यासाचे निमित्त पुढे करी. सुटीत माझ्याकडे राहायला आली तेव्हा एका रात्री हळूच म्हणाली, "मावशी, धावताना फार दुखतं गं. आणि सगळे बघतात." पाठीला पोक काढून चालायची सवय तिला कुठून लागली, ते मला त्या क्षणी उमगले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी टेप हातात न घेता, नुसत्या नजरेने, "अडतीस द्या यांना," असे फर्मान सोडले. पोरगी कानापर्यंत लाल झाली. मी तिला तशीच घरी आणले आणि शिवणाच्या डब्यातला टेप काढला.

माप घ्यायची रीत सोपी आहे. छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप सपाट आणि घट्ट धरावा. तिचे माप भरले ३४ इंच. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता मोजावे. ते आले ३९. फरक ५ इंचांचा. १ इंच फरक म्हणजे ए, २ म्हणजे बी, ३ म्हणजे सी, ४ म्हणजे डी आणि ५ म्हणजे डबल डी. तेव्हा तिचे माप ३४ डबल डी. कुठे ३४ डबल डी आणि कुठे ते ३८!

ही ३८ ची चूक सार्वत्रिक आहे. छातीखालच्या मापात ४ इंच मिळवण्याची जुनी पद्धत काही तक्त्यांत अजून टिकून आहे. त्यामुळे पट्टा सैल पडतो, पाठीवर वर सरकतो, आणि सगळा भार खांद्यांवर येऊन पट्ट्या रुततात. वास्तविक भाराचा मोठा हिस्सा छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो; खांद्यावरच्या पट्ट्या नुसत्या मदतीला. आजीची चोळी दुसरे काय करीत होती?

आपले माप मिळाले नाही तर शेजारचे माप पाहावे. पट्टा एक पायरी वाढवला की अक्षर एक पायरी उतरवायचे. ३४ डबल डी, ३६ डी आणि ३८ सी यांच्या वाट्या सारख्याच. पण पट्टा सैल होत जातो, म्हणून एका पायरीपलीकडे जाऊ नये. साध्या दुकानांत मोठी अक्षरे आम्हाला मिळाली नाहीत. शेवटी घरबसल्या मागवून, दोन परत करून, तिसरी बसली.

बसली हे ओळखावे कसे? सर्वांत सैल हुकावर ती घट्ट बसली पाहिजे. पुढे कापड सैलावले की आतले हुक कामाला येतात. पट्टा पाठीमागे आडवा, सरळ राहावा आणि त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. दोन वाट्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. किंचित पुढे वाकून, हाताने सगळे वाटीत नीट बसवावे. वरून वा काखेतून काही बाहेर येता कामा नये. मग हात वर करून पाहावे. भरदार बांध्याला रुंद पट्ट्या, तीन हुक आणि न ताणणाऱ्या कापडाची पूर्ण वाटी मानवते. स्पंजाच्या अस्तराने आकार येतो, आधार नव्हे.

खेळणाऱ्या मुलींना तर वेगळी स्पोर्ट्स ब्राच हवी. स्तनांत स्वतःचे स्नायू नसतात; त्वचा आणि नाजूक तंतू एवढाच त्यांना आधार. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले आहे की, धावताना त्यांची हालचाल नुसती वर-खाली नसते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी चहूकडे होते. दुखते ते उगीच नाही.

एक भीतीही काढून टाकते. ब्रेसियरने कर्करोग होतो, असे कुणी ना कुणी सांगतच असते. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा काही संबंध आढळला नाही. गाठ लागली तर मात्र डॉक्टरांकडे जावे. तिथे संकोच नको.

आणि ते दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळत घालणे सोडा बायांनो! पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या कपड्याने छातीखाली खाज आणि बुरशी येते. हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत पण मोकळ्या वाऱ्यावर वाळवावे. एकच रोज न घालता दोन-तीन आलटून पालटून वापरावीत, म्हणजे इलॅस्टिक टिकते.

भाची पुढच्या मोसमात पुन्हा मैदानावर गेली. संघात राखीव होती, पण पाठ ताठ होती. तुमच्याही घरात अशी एखादी पोरगी असेल, जी अलीकडे ओढणी जरा जास्तच लपेटून घेते, खेळायला नको म्हणते. तिने विचारायची वाट पाहू नका. तुम्हीच टेप काढा, दार लावून घ्या आणि माप घ्या. पाच मिनिटांचे तर काम!