पाणी मुरतंय कुठे? जुनी मोटरबोट घेताना

एप्रिल-मे आला की अलिबाग, मुरूड, दापोली, मालवण या पट्ट्यात विकाऊ बोटी एकदम वाढतात. कारण सरळ आहे. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटकांच्या बोटी बंद, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. न खपलेली बोट मालकाला किनाऱ्यावर ओढून, झाकून पावसाळाभर सांभाळावी लागते. म्हणून भाव उतरतो, आणि होमस्टेवाला किंवा पुण्या-मुंबईचा हौशी माणूस खुशीत सौदा करून मोकळा होतो. भाव चांगला असतो, त्यात वाद नाही. पण तेव्हा बोट वाळूवर उभी असते, इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये दोन मिनिटं चालवून दाखवतात, आणि गिऱ्हाईक बघतं ते रंग, सीट आणि स्टीअरिंग. जुन्या बोटीत बघायचं असतं पाणी कुठे मुरलंय ते, आणि त्या जागा यांतल्या कशातच दिसत नाहीत.

‘फायबरला काय होतंय? लाकडासारखं ते कुजत थोडंच!’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. फायबर कुजत नाही हे खरं, पण बोट नुसत्या फायबरची क्वचितच असते. मागची उभी पाटी, जिच्यावर आउटबोर्ड इंजिन लटकतं आणि कारागीर जिला ट्रान्सम म्हणतात, तिच्या पोटात बहुतेक बोटींत प्लायवूड असतं. फळीखालचे आडवे-उभे आधारही पुष्कळदा लाकडावर फायबर चढवून केलेले असतात. इंजिनाच्या बोल्टांसाठी पाडलेली भोकं नीट सीलबंद नसतील, तर पाणी तिथून आत जातं आणि दोन्ही बाजूंच्या फायबरमध्ये अडकून लाकूड कुजवतं. बाहेरून बोट नवी कोरी, आत भुसा.

तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाटीवर इंचाइंचाने ठोकत जा. निरोगी जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी ठप्प. मग इंजिन अर्धवट वर उचला, त्याचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबा, आणि दुसऱ्या कुणाला पाटीकडे बघत उभं करा. पाटी हलली, बोल्टांभोवती केसाएवढ्या भेगा उघडल्या-मिटल्या, तर पुढची बोलणी थांबवा. विकणारा तयार असेल तर पाटीवरचा अगदी खालचा एखादा स्क्रू काढून बघा. आतून तपकिरी पाणी ओघळलं तर वेगळा पुरावा नको. ही दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवणं, आतला फायबर कापणं, सगळं लाकूड खरवडून काढणं, नवं मरीन प्लाय बसवणं. छोट्या बोटीत हा खर्च बोटीच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. आणि विक्रीच्या तोंडावर फक्त मागच्या पाटीला नवा रंग दिलेला दिसला, तर मी तरी तो गुण म्हणून धरणार नाही.

काही बोटींत फळीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं पाणी साचलं की तोही ते धरून ठेवतो. अशी बोट जड होते, पाण्यात खोल बसते, मालक म्हणतो ‘मशीन जरा ढिलं पडलंय’, आणि नवा मालक विनाकारण इंजिनावर खर्च करत बसतो.

इंजिनाबद्दलचा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘किती तास चाललंय?’ मोटारीच्या किलोमीटरची सवय इथे नडते. खाऱ्या पाण्यातल्या आउटबोर्डला चालण्यापेक्षा पडून राहणं जास्त बाधतं. रोज चालणारं आणि रोज गोड्या पाण्याने धुतलं जाणारं हजार तासांचं इंजिन, बंगल्याच्या शेडमध्ये न धुता पडलेल्या शंभर तासांच्या इंजिनापेक्षा कितीतरी बरं असू शकतं, कारण दुसऱ्याच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मिठाने चोंदलेल्या असतात. तास बघायचेच असतील तर मालकाच्या तोंडावर जाऊ नका. इंधन इंजेक्शनच्या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांच्या संगणकात एकूण तासच नाही, तर किती तास कोणत्या वेगाने चाललं हेही नोंदलेलं असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाला ते काढून देतो.

बघायला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर ते तुमच्या येण्याआधी सुरू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन एका झटक्यात उठतं का हे तुम्हाला कळणारच नाही. गार होऊ द्या, तोवर चहा घ्या. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार उडते ती बघून लोक निर्धास्त होतात. ती धार एवढंच सांगते की पंप थोडंफार पाणी ओढतोय. पंपाचा रबरी पंखा झिजला असेल तर मंद वेगात धार दिसते आणि भर वेगात इंजिन तापतं. म्हणून मेकॅनिक सोबत हवा, आणि त्याने प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला हवं. आकडा किती, यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांपलीकडे गेला तर कारण शोधलंच पाहिजे.

शेवटी खालच्या गिअरचं तेल. प्रोपेलरच्या पंख्याजवळचा तळाचा स्क्रू थोडा ढिला करा. तेल दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलंय, पाणी आत पोचलंय. तिथेच जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक वडी असते, अ‍ॅनोड. गंज इंजिनाला न लागता तिला लागावा यासाठी ती मुद्दाम बसवलेली असते, त्यामुळे ती झिजलेली दिसणं हे चांगलं लक्षण. पाच वर्षांची वडी अगदी जशीच्या तशी असेल, किंवा तिच्यावर रंग मारलेला असेल, तर ती काम करत नव्हती आणि गंजाने दुसरीकडे कुठेतरी हात मारलाय.

‘पेट्रोल ते पेट्रोल’ असं म्हणायचे दिवस गेले. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा लिहिलेली असते दहा टक्क्यांची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंधनाची नळी टाकीच्या तळातूनच ओढते. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर ठेवणं म्हणजे सप्टेंबरात इंजिन बंद पडण्याची आगाऊ सोय. जुन्या बोटीच्या रबरी इंधननळ्या न बघता बदला, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, पेट्रोल ताजं आणि लागेल तेवढंच भरा. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर हंगाम संपताना कार्ब्युरेटर रिकामा करा.

किती लागेल याचा ढोबळ हिशेब असा: 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण 15 लिटर पितं. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला वारा फिरला तर.

‘मोठं इंजिन लावलं की बोट पळते’ हे तर प्रत्येक नव्या मालकाला वाटतं. मागचं वजन वाढून बोट नाक वर करते, पाटीवर ताण येतो, पेट्रोल जळतं, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. आधी प्रोपेलरचा पंखा तपासा. भर वेगात इंजिनाने कंपनीने दिलेल्या फेऱ्या गाठल्या पाहिजेत, बऱ्याच इंजिनांत त्या मिनिटाला 5,000 ते 6,000 असतात. तेवढ्या होत नसतील तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत त्याने पुढे सरकायचं अंतर, जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की फेऱ्या साधारण दीडशे-दोनशेने वाढतात.

कागदांच्या बाबतीत ‘आरसी बुक ट्रान्स्फर केलं की झालं’ ही समजूत मोटारीवरून आलेली. मासेमारीच्या नौकेचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा, 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. प्रवासी आणि पर्यटन नौकांचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. खाड्या-नद्यांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा. मासेमारीच्या कागदावर पर्यटक बसवता येत नाहीत, त्यासाठी वेगळा सर्व्हे आणि वेगळा परवाना लागतो. म्हणून विचारायचं ते इतकंच की मला जे करायचंय त्यासाठी ही बोट नोंदलेली आहे का. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तेही विचारा, आणि इंजिनाचं बिल वेगळं मागा. त्यावरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळवून बघा, कारण बोट एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं हा प्रकार ऐकिवातला नाही, नेहमीचा आहे.

आता सामान. बोटीबरोबर ‘सहा लाइफजॅकेट फ्री’ मिळतात, त्यांच्या आतल्या पट्टीवरचा आकडा वाचा. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. समुद्रात 100 किंवा 150 न्यूटन हवं, आणि मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं. ते सीटखाली नको, अंगावर हवं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट धडकली. अशा वेळी सीटखालचं जॅकेट ओढून बंद बांधायला कुणाला सवड मिळत नाही. हीच गोष्ट किल-स्विचच्या लाल दोरीची. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद होतं. नाहीतर बिनचालकाची बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

‘पंप आहे ना, पाणी काढेल’ यावरही विसंबू नका. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर दोन इंची भोक पडलं, तर मिनिटाला दीडशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. छोट्या बोटीतला नेहमीचा पंप तासाला चारेक हजार लिटरचा, म्हणजे मिनिटाला साठ-सत्तर, आणि तोही कागदावर. पाणी वर उचलताना आणि बॅटरी उतरलेली असताना त्याहून कितीतरी कमी. लाकडी गुट्ट्या, जाड फडकं आणि मोठी बादली या स्वस्त वस्तू आधी घ्या, म्युझिक सिस्टिम नंतर.

नांगराचंही असंच. लोक वजन विचारतात, धरतो मात्र तो दोराच्या लांबीने. ओहोटीला 4 मीटर पाणी आहे, भरतीने अडीच मीटर चढणार, बोटीचं नाक पाण्यापासून 1 मीटर वर, म्हणजे साडेसात मीटर. याच्या पाचपट सदतीस-अडतीस मीटर दोर सोडायचा, वारा असेल तर सातपट. नांगराला लागून काही मीटर साखळी हवी, म्हणजे ओढ तळाला समांतर राहते. मदतीसाठी फोनवर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे, पण किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की नेटवर्क जातं. तिथे व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनल उपयोगाचं, आणि व्हीएचएफला परवाना लागतो.

मेमध्ये सौदा करायचाच असेल तर टोकन द्या, पण चिठ्ठीवर ‘पाण्यात चाचणी समाधानकारक झाल्यास’ एवढं लिहून घ्या. बोट पाण्यात घाला, पेट्रोलचे पैसे तुम्ही भरा, चार माणसं बसवून तासभर चालवा, त्यातली दहा मिनिटं भर वेगात. मग ती परत वर ओढून मागचं बूच काढा, निघालेलं पाणी बादलीत मोजा, आणि भावाचं त्यानंतर बोला.