कुंकळ्ळीचा दोमिंग

शिमग्याचा ढोल घुमू लागला की रत्नागिरीचे ग्रामदैवत श्रीदेव भैरी पालखीत बसून भक्तांच्या भेटीला निघतात. ज्या वृद्धांना देवळाची पायरी चढवत नाही, त्यांच्यासाठी देव स्वतः चालून येतो, ही आपल्या कोकणच्या शिमग्याची थोरवी! याच दिवसांत दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी गावीही एक पालखी येते. मात्र तेथे देवीला आपल्याच गावी पाहुणी म्हणून यावे लागते. श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण हिचे वास्तव्य आज फातर्पे येथे आहे. होळीनंतर पाचव्या दिवशी, बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्यांसह, गुलालाच्या वर्षावात ती आपल्या मूळ गावाला भेट देते.

कोकणातील कित्येक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. दर्शनाला जाणाऱ्यांना ‘देवी येथे मुळची नव्हे’ हे वाक्य पुजाऱ्यांच्या तोंडून हमखास ऐकू येते. सोळाव्या शतकात साष्टी प्रांतातील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, तेव्हा भाविकांनी आपली दैवते रातोरात नदीपार, परक्या राजाच्या हद्दीत नेली. कुंकळ्ळीकर मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सारा देण्याचे नाकारले. पाडलेले देऊळ पुन्हा उभारले. त्यांच्यावर सैन्य चालून आले आणि देवळे पुन्हा भुईसपाट झाली.

१५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट धर्मगुरू आणि बंधू चर्चसाठी जागा निवडावयास व क्रूस रोवावयास त्या गावी आले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा हे फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाच्या दरबारी राहून नुकतेच परतले होते. पाचांपैकी दोघांनी आधीच्या सैनिकी मोहिमांत भाग घेतला होता, हे गाव विसरले नव्हते. संतप्त गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही जण आणि त्यांच्यासोबतचे अनेक स्थानिक ख्रिस्ती मारले गेले.

या मृतांत एक मुलगा होता. जेझुइटांच्या वृत्तांतांत त्याचे नाव दोमिंग असे येते. तो कुंकळ्ळीचाच, राशोल येथील त्यांच्या पाठशाळेतील विद्यार्थी. गावातील देवळे कोठे आहेत हे त्याने पाद्रींना दाखविले होते, आणि त्याचा वध त्याच्याच नात्यातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या हातून झाला, असे ते वृत्तांत सांगतात.

वाचकहो, या ठिकाणी लेखणी अडखळते. गुरूच्या मागे निष्ठेने चालणारे ते पोर पाहावे, की ज्याच्या देवीचे घर त्या पोराच्या बोटाने दाखविले गेले, त्या वडीलधाऱ्याचा संताप पाहावा? भाविक घरात वाढलेल्या माणसाला दुसरी वेदना चटकन कळते, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या पाठशाळेतून सहाध्यायी गेला, गुरुजन गेले, तेथील मुलांनी त्या पावसाळ्यात काय सोसले असेल? पाचही देह विहिरीतून काढून राशोलच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. पुढे १५९७ मध्ये ते गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि १८६२ मध्ये जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलमध्ये हलविले गेले.

तिकडे सत्तेने सूड उगविला. कुंकळ्ळीच्या सोळा गावकरांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार मारण्यात आले; साळ नदीत उडी टाकून त्यांतील एक तेवढा निसटला.

या साऱ्याचा समकालीन होता फादर थॉमस स्टीफन्स. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने ही हकीगत कळविली. साष्टीतील पाठशाळेचा तो प्रमुख होता. सहकाऱ्यांना मारणाऱ्या प्रांतातच तो आयुष्यभर राहिला, तेथील भाषा शिकला आणि १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ त्याने प्रसिद्ध केले. ग्रंथारंभीचा प्रसंग पाठशाळेचाच आहे. मुलांना धर्मपाठ चालू असता एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही का देत नाही? त्या प्रश्नातील शोक स्टीफन्सने ऐकला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पुराणे हिरावली त्याच्याच धर्मसत्तेने, हेही तितकेच खरे.

१८९३ मध्ये पोप तेराव्या लिओंनी पाच जेझुइटांना ‘धन्य’ घोषित केले. त्या यादीत दोमिंग नाही. वधलेल्या गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत २००३ मध्ये उभे राहिले. तेथेही त्याला जागा असण्याचा प्रश्न नव्हता.

बारा वांगडांतील जी घराणी पुढे ख्रिस्ती झाली, त्यांची माणसेही छत्र्यांच्या त्या दिवशी देवीच्या स्वागताला येतात. दोमिंग जगता, तर त्याचे वंशजही कदाचित याच गर्दीत असते. यंदा फातर्प्याला दर्शनास जाणाऱ्यांनी परतताना सवड काढावी. मडगावपासून राशोल जवळच आहे. १६०६ मध्ये पायाभरणी झालेल्या तेथील वास्तूत आजही धर्मविद्यार्थी शिकतात.