शिंगखत, द्राक्षमळा आणि आपले पाचट

वाइनचा विषय साखर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा विषय बाटलीचा नाही, जमिनीचा आहे.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सावेनिएर नावाचे गाव आहे. तेथील ‘कुले द सेराँ’ हा द्राक्षमळा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ११३० साली लावला. क्षेत्र अवघे सात हेक्टर, म्हणजे सतराएक एकर. वाण चेनिन ब्लाँ; हाच वाण आता नाशिककडेही आहे. पावणेनऊशे वर्षांहून अधिक काळ एकाच जमिनीत एकच पीक! आपल्याकडे खोडव्याचे तिसरे वर्ष आले की जमीन थकली म्हणतात.

या मळ्याचे मालक निकोला जोली पूर्वी बँकेत नोकरीला होते. १९७० नंतरच्या दशकात ते घरच्या शेतीवर परतले आणि सल्ल्याप्रमाणे तणनाशके मारू लागले. दोनेक वर्षांतच मातीचा रंग बदलला, किडेपाखरे दिसेनाशी झाली, असे ते सांगतात. मग त्यांनी दुसरी वाट धरली. १९८४ पासून सगळा मळा जैवगतिक, म्हणजे बायोडायनॅमिक पद्धतीने केला जातो. चढाच्या जागी नांगरट घोड्यांनी होते.

ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये दिलेल्या आठ व्याख्यानांतून निघाली. तिच्यातले मुख्य खत ऐकून आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही नवल वाटेल. गाईच्या शिंगात ताजे शेण भरायचे आणि ती शिंगे हिवाळाभर जमिनीत पुरून ठेवायची. आपल्याकडे हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करून फेब्रुवारी-मार्चला शिंगे काढतात. तोवर शेणाचा वास जाऊन काळी, मऊ माती हातात येते. एकराला साधारण २५ ग्रॅम पुरते. ते १३ ते १५ लिटर पाण्यात तासभर ढवळायचे, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचे. शिवाय चंद्राच्या तिथीवरून पेरणी-छाटणी. पंचांग आपल्याला नवे नाही, पण चंद्राने उतारा वाढतो याचा पक्का शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग हिशेब काय म्हणतो? स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून रासायनिक, सेंद्रिय आणि जैवगतिक शेतीचे प्लॉट शेजारी शेजारी चालू आहेत. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. सेंद्रिय व जैवगतिक प्लॉटांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी, पण खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, आणि मातीत गांडुळे जास्त. आता आपला ऊस घ्या. एकरी ४० टनांतले २० टक्के म्हणजे ८ टन. जोलींची बाटली मळ्याच्या नावावर चढ्या भावाने जाते, त्यांना ते परवडते. आपल्या उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. शिंगखत घातले म्हणून काट्यावर कोणी जास्तीचा रुपया देत नाही. तेव्हा सगळा मळा एकदम पालटायला निघू नये.

पण मातीला खाऊ घालण्याची गोष्ट खरी आहे, आणि त्यासाठी फ्रान्सला जायला नको. शेजारच्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी विटांचे टाके दिले: लांबी १० फूट, रुंदी ६, उंची ३, भिंतींना हवेसाठी भोके. शेण फक्त १०० किलो, काडीकचरा १४-१५ क्विंटल, तेवढीच किंवा थोडी जास्त माती, आणि पाणी. वरून शेणमातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत तयार. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्यालाही जमते, हे यातले खरे मर्म.

आणि पाचट? हेक्टरी ८ ते १० टन निघते आणि तोडणी संपली की आपण काडी लावतो! ते सरीत दाबून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, मग पाणी द्यावे. खोडव्यात तण कमी उगवते, आणि उन्हाळ्यात ओल टिकते. विहिरीने तळ गाठला की एका पाळीचे मोल काय असते, ते आपल्या भागात वेगळे सांगायला नको. शिंगखताची हौस असेल त्याने दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावे. शेजारचे गुंठे मात्र नेहमीसारखेच ठेवावेत, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल.