जवारी काढणारे हात

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. आजही इथे एकच कारागीर तानपुरा घडवतो, सतार करतो आणि सारंगीची खुंटीही बसवून देतो. सुताराची, नक्षीकाराची आणि गवय्याची, अशी तिन्ही कामं एकाच माणसाला यावी लागतात.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. हा भोपळा खायचा नव्हे. वाळलेला भोपळा भिजवून कापतात, आतून खरवडतात आणि काठ्यांचे टेकू देऊन हवा तसा फुगवून पुन्हा वाळवतात. मग त्यावर तून लाकडाची तबली आणि दांडी चढते. नक्षी, पॉलिश झालं की वाद्य देखणं दिसतं, पण अजून ते बोलत नाही.

ते बोलतं जवारी काढल्यावर. मी गल्लीतल्या एका कारागीर चाचांच्या शेजारी बसून हे काम पाहिलं. तारा जिच्यावर टेकतात ती तानपुऱ्याची घोडी वरून सपाट वाटते, पण तिला अगदी बारीक उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच घासत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. चाचांनी तार बाजूला केली, कानस दोनदाच फिरवली, तार परत बसवून छेडली. आवाज बसका. पुन्हा कानस. "जास्त घासली की गेली," एवढंच ते म्हणाले. मग तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला आणि खर्ज एकदम उघडला. मोजायला पट्टी नाही, सगळी भिस्त कानावर. शिवाय काळी एकच्या सुराला जमलेली जवारी काळी चारच्या सुराला तशीच बोलेल, असं नाही.

गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत घर केलं, आणि या गावाच्या कारागिरांना उत्तम कानाचे गिऱ्हाईक मिळाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते योग्यच झालं. पण मानांकनाने कान तयार होत नाही, त्याला वर्षानुवर्षांची बैठक लागते. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर भागवणाऱ्यांमुळे ही बैठक मोडते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरी माळ्यावर जुना तानपुरा पडून असेल, तर तो विकू नका. मिरजेला न्या आणि जवारी काढून घ्या.