मेंढीच्या कंबरेवर हात ठेवून काय कळतं? वजनकाट्याला न जमणारं एक मोजमाप

एखादी मेंढी अंगाने बरी आहे की नाही, हे कसं ठरवायचं? पहिलं उत्तर साहजिकच वजनकाटा. पण काटा इथे चांगलाच फसवतो. मेंढीचं पोट म्हणजे चारा-पाण्याची टाकी. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी चरून आल्यावर वजनात काही किलोंचा फरक पडतो. त्यात लोकर ओली असेल, पोटात वाढलेला गर्भ असेल किंवा जात मुळातच थोराड असेल, तर आकड्याला काही अर्थच उरत नाही. ४० किलोची एक मेंढी धष्टपुष्ट असू शकते आणि ४० किलोचीच दुसरी हाडकुळी. नुसतं बघूनही कळत नाही, कारण लोकर सगळं झाकते.

आणि कळणं तर गरजेचं आहे. मेंढी गाभण राहील का, एक कोकरू देईल की दोन, आणि ती कोकरं जगतील का, हे बऱ्याच अंशी तिच्या अंगावर किती साठा आहे यावर अवलंबून असतं.

१९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर जेफरीज नावाच्या संशोधकाने यावर एक उपाय मांडला. त्याला यंत्र लागत नाही, हात लागतो. शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबरेवर हात ठेवायचा. बोटांना दोन प्रकारची हाडं लागतात: मणक्याची वर आलेली टोकं आणि मणक्यातून दोन्ही बाजूंना निघालेली आडवी टोकं. वरची टोकं करवतीच्या दात्यांसारखी बोचली आणि आडव्या टोकांखाली बोटं सहज शिरली, तर स्कोअर १. दाबल्यावर हाड लागतं पण गोलसर वाटतं, तर ३. कितीही दाबा, हाड लागतच नाही, तर ५. मधले अर्धे-अर्धे गुण. शून्य म्हणजे मरणाच्या दारात असलेलं जनावर.

अंदाजपंचे वाटतं ना? इंजिनिअर म्हणून मलाही पहिल्यांदा वाचताना तेच वाटलं. पण १९६९ मध्ये स्कॉटलंडच्या रसेल, डोनी आणि गन या तिघांनी याची सरळ परीक्षाच घेतली. आधी मेंढ्यांना हाताने गुण दिले, मग त्या कापून शरीरात खरोखर किती चरबी आहे ते प्रयोगशाळेत मोजलं. चरबीच्या प्रमाणाचा अंदाज वजनापेक्षा हाताच्या गुणावरून जास्त बरोबर आला. म्हणजे हा सेन्सर स्वस्त आहे, थोडा ओबडधोबड आहे, पण मोजायचं तेच मोजतो.

आता प्रश्न असा की शरीर हा साठा ‘वाचतं’ कसं? इथे बँक खात्याचं उदाहरण घेऊ. मेंढीचं शरीर तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतं. एक म्हणजे शिल्लक किती: अंगावर आत्ता चरबी किती आहे. दुसरी, शिल्लक वाढतेय की घटतेय. तिसरी सगळ्यात गमतीशीर: गेल्या काही दिवसांत खात्यात काय जमा झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात ल्युपिन नावाच्या कडधान्यावर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की माजावर यायच्या आधी जेमतेम चार-सहा दिवस हा खुराक दिला तरी त्या खेपेला सुटणाऱ्या बीजांडांची सरासरी वाढते. इतक्या दिवसांत स्कोअर हलतही नाही! म्हणजे ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढल्याची खबर अंडाशयापर्यंत थेट पोचते, चरबी साठायची वाट बघितली जात नाही.

शिलकीची खबर मात्र वेगळ्या वाटेने जाते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. चरबी जास्त, तर लेप्टिन जास्त. पण मेंदूतल्या ज्या पेशी प्रजननाची साखळी सुरू करतात, त्यांना लेप्टिन थेट वाचताच येत नाही. मध्ये किसपेप्टिन बनवणाऱ्या आणि आणखी काही पेशी मिडलवेअरसारख्या बसलेल्या असतात. त्या निरोप घेतात आणि पुढे पाठवतात. शिल्लक फारच कमी असेल तर निरोप पुढे जात नाही आणि मेंढी माजावरच येत नाही. उपासमारीत पिल्लू जन्माला घालणं परवडत नाही, हे शरीराने असं कोडमध्येच लिहून ठेवलंय म्हणा ना.

जगभरचे मेंढपाळ मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधी मेंढ्यांना चांगला खुराक देतात, तो यासाठीच. फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. अडीच-तीनच्या आसपास असलेल्या मेंढ्यांना चांगला होतो. साडेतीनच्या वर असलेल्यांना फारसा नाही. त्यांची बीजांडं आधीच जमेल तितकी सुटत असतात. खुराक मोजका असेल तर तो सगळ्या कळपाला वाटणं म्हणजे निम्मा वाया घालवणं.

मग गाभण राहिल्यावर अजून खाऊ घातलं तर अजून चांगलं? नाही. हा भाग मला सगळ्यात आवडतो. गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फार खायला घातलं तर उलट गर्भ कमी टिकतात. कारण खाणं वाढलं की यकृताकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो, आणि यकृत प्रोजेस्टेरॉन जास्त वेगाने गाळून टाकतं. हे गर्भ टिकवणारं हार्मोन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यावर झकास डीबगिंग केलं. काही मेंढ्यांना खुराक तेवढाच भरपूर ठेवला, पण प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं. गर्भ राहण्याचं प्रमाण परत वर आलं. दोष चाऱ्यात नव्हता, चाऱ्यामुळे घटणाऱ्या हार्मोनमध्ये होता.

खरा कस लागतो तो शेवटच्या सहा आठवड्यांत. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा, आणि कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ या सहा आठवड्यांत होते. नेमकं तेव्हाच वाढलेलं गर्भाशय पोटावर दाबतं आणि मेंढीला पुरेसं खाता येत नाही. पोटात जुळं असेल तर गरज आणखी जास्त. मग ती स्वतःची चरबी झपाट्याने जाळते, रक्तातली साखर घसरते, किटोन वाढतात. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, दिसेनासं झाल्यासारखी करते, मग बसते ती उठत नाही. अंगावर काहीच नसलेली मेंढी यात जाते, आणि अति लठ्ठ मेंढीही जाते.

हे आपल्याकडे का महत्त्वाचं, ते फलटणला गेलं की कळतं. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचा संकर सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीशी केला. गारोलमध्ये फेकबी नावाचं जनुक असतं, त्यामुळे एका वेळी जास्त बीजांडं सुटतात. त्यातून जुळं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. पण जनुक फक्त बीजांडांची संख्या वाढवतं, खुराक आणत नाही. कापणी झालेल्या शेतांवर, माळावर चारत फिरणाऱ्या वाड्यात दोन कोकरं पोटात असलेली मेंढी आणि एकच असलेली मेंढी सारखंच चरतात. म्हणून जुळं कोणाच्या पोटात आहे ते सोनोग्राफीने आधी बघून तिला वेगळा खुराक देणं, हा जनुकाइतकाच महत्त्वाचा अर्धा भाग आहे.

घोडीचं गणित वेगळंच. तिला एकच शिंगरू हवं असतं. जुळं राहिलं तर बहुतेक वेळा दोन्ही जातात. त्यामुळे खुराकाने ‘किती’ बदलत नाही, ‘राहील का आणि कधी’ हे बदलतं. गाभणकाळ सुमारे ३४० दिवस. दरवर्षी एक शिंगरू हवं असेल तर व्याल्यानंतर साधारण २५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. आणि नेमकी तेव्हाच ती शिंगराला दूध पाजत असते. ५०० किलोच्या घोडीची ऊर्जेची रोजची गरज अशा वेळी एरवीच्या जवळजवळ दुप्पट होते. व्याली तेव्हाच अंगाने उतरलेली असेल, तर या २५ दिवसांत भरून काढणं जवळपास अशक्य.

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्यांसाठी १ ते ९ अशी मोजपट्टी आणली. यात मान, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ अशा सहा जागा बघून आणि चाचपून गुण देतात. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात ५ पेक्षा कमी गुणांच्या घोड्या गाभण राहायला मागे पडल्या. त्यामुळे पुढे अनेक घोडेवाल्यांनी ‘जाड असली की बरी’ असाच अर्थ काढला. तो आता टिकत नाही. अति लठ्ठ घोडीत इन्सुलिन नीट काम करत नाही, खुरांचा दुखणाईत आजार होतो. फ्रान्समधल्या २०१८ च्या एका अभ्यासात लठ्ठ आयांच्या शिंगरांमध्येही इन्सुलिनचा बिघाड आणि सांध्यांचे दोष जास्त दिसले.

आता साहजिक प्रश्न: हे काम कॅमेरा आणि एआयने होणार नाही का? प्रयत्न जोरात चालू आहेत, घोड्यांच्या बाबतीत ते थोडं सोपंही आहे. पण मॉडेलला शिकवायचे गुण माणसाच्या हातानेच दिलेले असतात, आणि दोन माणसांच्या गुणांत अर्ध्या गुणाचा फरक सहज पडतो. तेवढी चूक मॉडेलमध्ये आपोआप उतरते. मेंढीच्या बाबतीत तर कॅमेऱ्याला दिसते ती लोकर.

तोवर हातच वापरायचा असेल तर वेळ महत्त्वाची. चांगल्या खुराकावरही एक पूर्ण गुण वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून मेंढा सोडायच्या दोन महिने आधी एकदा सगळ्या कळपाच्या कंबरेवर हात फिरवायचा, अडीचच्या खालच्या मेंढ्यांना रंगाचा ठिपका लावायचा, आणि असेल तो खुराक आधी त्यांच्यासमोर ठेवायचा.