पोरगं ‘ढ’ नाही, अक्षरं अडतात. डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय?

डेअरीवर दूध किती लिटर घातलं, फॅट किती लागली, पैसे किती होतील, हे पाचवीतलं पोरगं तोंडी सांगतं. पण धडा वाचायला दिला की दुसऱ्याच ओळीत अडखळतं. जोडाक्षर आलं की अंदाजाने भलताच शब्द म्हणतं. काल वाचलेला शब्द आज त्याला नवाच वाटतो. घरात मग एकच ठरतं, आळशी आहे, लक्ष नाही. मार बसतो, आणि काही दिवसांनी शाळेच्या वेळेलाच पोट दुखायला लागतं.

अशा मुलाला डिस्लेक्सिया असू शकतो. यात बुद्धी कमी नसते. शब्दातले आवाज सुटे करून त्यांना अक्षर जोडणं, हे काम मेंदूला जड जातं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. आपल्याला ते सवयीचं, या मुलांना तिथंच अडतं. इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा, मग तर विचारूच नका.

चष्म्याने किंवा बुद्धीच्या टॉनिकने हे जात नाही. डोळे, कान तपासून घ्यावेत, कारण अडचण तिथंही असू शकते. पहिली-दुसरीतली बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात, तेवढ्यावरून घाबरू नये. ऊसतोडीला आईबापासोबत गेलेलं लेकरू मागं पडलं तर त्याची शाळा बुडालेली असते, लगेच डिस्लेक्सिया म्हणू नये. आणि आईला दोष देणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. बापालाही शाळेत वाचन जड गेलेलं असू शकतं.

औषध नाही, पण शिकवण्याने फरक पडतो. अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणायचं, शब्द तोडून वाचायचा, रोज थोडा वेळ. धडा आधी कुणीतरी वाचून दाखवायचा. वर्गात सगळ्यांसमोर वाचायला उभं करणं तेवढं थांबवावं.

वर्गशिक्षकांशी बोलून तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे चौकशी करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. तपासणीला वेळ लागतो, त्यामुळे दहावीचा फॉर्म भरायची वाट न बघता तिसरी-चौथीतच विषय काढलेला बरा.