उकिरड्यातला इजिप्त

सामान्य इजिप्शियन माणसाची खबर फेरोंच्या सोन्यात मिळत नाही, उकिरड्यात मिळते. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला दैर अल-मदीना हे राजांच्या दरीतली थडगी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ पासून तिथे जवळपास तीस वर्षं उत्खनन केलं. गावालगतच्या एका प्रचंड खड्ड्यातून लिहिलेल्या खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या हजारोंनी निघाल्या: उधाऱ्या, भांडणं, धोब्याचा हिशेबसुद्धा!

दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाचा हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं वाचण्यासारखी आहेत. एकाला विंचू चावलाय, एकाचे डोळे दुखतायत, एक घरी बिअर बनवतोय. पुढे तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्यरूपी पगार थकला, तेव्हा इथल्या कारागिरांनी काम थांबवलं. ती नोंद तुरिनमधल्या पपायरसवर आहे.

मात्र हे लोक सरकारी पगारदार, त्यातही लिहिता-वाचता येणारे बरेच. त्यांच्यावरून साऱ्या इजिप्तचं चित्र काढणं धोक्याचं. नाईलकाठच्या शेतकऱ्याने स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहून ठेवलेलं नाही.